परसदाराचा आडोसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या वर्धापनदिनी तुम्हीही काहीतरी बोलायचे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "माझ्याजवळ बोलण्यासारखे काय आहे? बचतीवर बोलणाऱ्या आहेत, आरोग्यावर बोलणाऱ्या आहेत. मी कशावर बोलू?" त्या म्हणाल्या, "तुमच्या परसदारावर बोला." तेथे बसलेल्या बायका हसल्या, मीही हसले. पण घरी जाऊन भांडी घासता घासता वाटले, की यात हसण्यासारखे ते काय? घराच्या पुढच्या दाराविषयी आपण पुष्कळ बोलतो. अंगण सारवतो, तुळशीला पाणी घालतो, रांगोळी काढतो. पाहुणा पुढच्या दाराने येतो आणि पुढच्या दारानेच जातो. आपला दिवस मात्र मागच्या दारी जातो. धुणे तेथे, भांडी तेथे, सरपण तेथे, कोंबड्यांचे खुराडे तेथे आणि उकिरडाही तेथेच. जेथे आपले निम्मे आयुष्य जाते, त्या जागेचा आपण कधी कागदावर, निदान मनात तरी, आराखडा केला आहे का? मी केला नव्हता. तो का करावा लागला, ते आधी सांगते. जाऊबाई समोरच बसल्या आहेत; त्यांना विचारूनच सांगते.

आम्ही दोघी जावा मुरबाडच्या लेकी. मी धसई भागातली, त्या टोकावड्याकडच्या. दोघींना दिले शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. घर दोन भावांचे, चुली दोन, पण मागचे परसू एकच आणि विहीरही एकच. त्या विहिरीपासून आठ पावलांवर आमचा उकिरडा होता. आजेसासऱ्यांच्या वेळी गोठा तेथे होता, म्हणून शेण तेथे पडे. पुढे गोठा हलला, पण उकिरडा तेथेच राहिला. शेण, राख, केर, भाजीची देठे आणि अलीकडच्या दिवसांत प्लास्टिकच्या पिशव्या, सारे त्याच ढिगावर जाई. घरातली लहान मुले त्याच्याच काठाला बसत. मला तर त्यात काही वावगे दिसले नव्हते. माहेरीही तसेच पाहिले होते.

२००९ सालचा पावसाळा. माझी मुलगी अकरा महिन्यांची होती. तिची दुपटी धुतली, की ते पाणी मी उकिरड्यावर फेकीत असे. श्रावणात जाऊबाईंच्या धाकट्या मुलाला ताप आला, अन्नावरची वासना गेली, आणि चौथ्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे झाले. कोणी म्हणाले माळ घाला, कोणी म्हणाले झाडपाला द्या. माळही घातली. शेवटी पोर अगदी मलूल झाले, तेव्हा त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले आणि पहिला प्रश्न विचारला, तो औषधाचा नव्हता. त्यांनी विचारले, "पाणी कुठले पिता? विहिरीच्या आसपास काय आहे?" जाऊबाईंनी सांगितले. ते म्हणाले, "त्याच विहिरीने झाले, असे मी शपथेवर सांगणार नाही. पण ही कावीळ माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जाते. लहान मुलांची घाण विहिरीशेजारी टाकू नका. पाणी उकळून प्या."

लहान मुलांची घाण! त्या घरात तेव्हा दुपट्यातले मूल एकच होते, ते माझे. माझी मुलगी तर हसत-खेळत होती. पण अगदी लहान बाळांना ही कावीळ झाली, तरी पुष्कळदा डोळे पिवळे होत नाहीत, दुखणे वर दिसतच नाही, आणि त्यांच्या विष्ठेतून ते दुसऱ्यांना मात्र लागते, हे मला पुढे कळले. कळले त्या रात्री मला झोप आली नाही.

मुलगा दीड महिन्याने बरा झाला. जाऊबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी एवढेच केले, की दुसऱ्या दिवसापासून हंडा घेऊन त्या शेतापलीकडच्या विहिरीवर जाऊ लागल्या. भर पावसात, बांधावरच्या चिखलातून. दारातली विहीर सोडून तो हंडा रोज दोन वेळा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जाई. मैत्रिणींनो, त्या भांडल्या असत्या, तर मला बरे वाटले असते.

गणपती झाल्यावर मी घरात विषय काढला, की उकिरडा हलवायचा. सासूबाई म्हणाल्या, "तो तुमच्या आजेसासऱ्यांच्या हातचा आहे." मी म्हटले, "आत्या, विहीरही त्यांच्याच हातची आहे." त्या गप्प बसल्या, पण होकारही दिला नाही. मग एके दिवशी दुपारी मी दोरी घेऊन परसात एकटीच मापे घेऊ लागले. एक टोक खुंटीला बांधले होते, ते सारखे सुटे. मागून आवाज आला, "दोरी वाकडी धरलीस." जाऊबाई होत्या. त्यांनी दुसरे टोक हातात घेतले. श्रावणानंतरचे त्यांचे ते पहिले बोलणे. माझ्या परसदाराचा आराखडा असा दोघींच्या दोरीने झाला. तो आता तुमच्यापुढे ठेवते. तुमच्या जागा निराळ्या असतील, पण विचार करण्याची रीत तीच राहील.

पहिली गोष्ट पाणी. उकिरडा, संडासाचा खड्डा, गोठा, जे काही घाणीचे असेल, ते विहिरीपासून निदान ५० फूट दूर हवे आणि जमिनीच्या उताराला विहिरीच्या खालच्या बाजूला हवे. उतार डोळ्यांना कळत नसेल, तर पहिल्या मोठ्या पावसात दारात उभे राहून पाणी कोणीकडे वाहते, ते पाहावे. आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तो सारी मोजमापे आपणहून करून दाखवतो.

दुसरी गोष्ट वारा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून खताची जागा घराच्या पूर्वेकडे असली, तर वास घरात येत नाही. मी आधी ईशान्य कोपरा धरला. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "ईशान्येला देव असतो, तेथे उकिरडा?" मी वाद घालणार होते, पण जाऊबाई म्हणाल्या, "अगं, आग्नेयेला घे की. उतार तिकडेच आहे, आणि पलीकडे आपलेच भाताचे खाचर आहे. शेजाऱ्यालाही वास जाणार नाही." मोजले, तर विहिरीपासून ७० फूट भरले. देवही राखला आणि विहीरही राखली.

तिसरी गोष्ट अंतर. स्वयंपाकघरापासून खताची जागा पंचवीस-तीस पावलांपेक्षा लांब नको. फार लांब केली, तर भर पावसात रात्रीच्या वेळी कोण जाणार? मग खरकटे दाराबाहेरच फेकले जाते आणि आराखडा कागदावर राहतो. वाटेवर चपटे दगड टाकून घ्यावेत, म्हणजे चिखलात पाय घसरत नाही.

चौथी गोष्ट क्रम. आम्ही २० फूट लांब व १४ फूट रुंद जागा घेतली आणि स्वच्छाकडून घाणीकडे अशी मांडणी केली. दारालगत मोरी आणि धुण्याचा दगड. त्यापुढे उन्हाच्या बाजूला कपडे वाळवण्याची तार. मग सरपण आणि गोवऱ्या यांची पडवी, आणि सर्वांत शेवटी खताचे कप्पे. पाण्याचा उतारही याच क्रमाने. सरपण जमिनीवर रचू नये. दगडांवर फळ्या टाकून फूटभर उंच रचावे. खालून केरसुणी फिरते, उजेड दिसतो, आणि विंचू, फुरसे, घोणस यांना दडायला जागा राहत नाही. तरी अंधारात विजेरीशिवाय सरपणाला हात घालू नये, हे मी मुलींना रोज सांगते.

आता आडोसा. आडोसा हा घाण लपवण्यासाठी नाही. आपण धुणे धुतो, केस वाळवतो, कधी घटकाभर पाय पसरून बसतो. बाईमाणसाला रस्त्यावरच्या नजरेपासून तेवढी जागा हवी. भिंत बांधली, तर वारा कोंडतो आणि वास वाढतो. म्हणून आम्ही कारवीचा कूड केला. कारवी जाऊबाईंच्या माहेराहून आली. ही कारवी कित्येक वर्षांनी एकदा फुलते आणि फुलली, की वाळते, हे डोंगराखालच्या माणसांना सांगायला नको. घराच्या कुडाला आपण शेणमातीचा गिलावा देतो. येथे तो द्यायचा नाही, वारा खेळू द्यायचा. उंची साडेपाच फूट. खाली वीतभर मोकळे ठेवायचे, म्हणजे पालापाचोळा साठत नाही आणि जनावर आले, तर दिसते. आत जायला दार केले नाही. कुडाची दोन टोके एकमेकांपुढे हातभर सरकवली आणि मधून वळणाची वाट ठेवली. दोन्ही हातांत पाट्या असल्या, तरी आत जाता येते आणि बाहेरून काही दिसत नाही.

कुडाच्या बाहेरून अडुळसा आणि निर्गुडी लावली. या दोन्हींना शेळ्या तोंड लावत नाहीत आणि दोन्ही घरच्या औषधाला उपयोगी. कुडावर पावसाळ्यात घोसाळी आणि कारली चढवली, थंडीत वाल. तीन-चार वर्षांनी कारवी कुजू लागली, तोवर अडुळसा माणूसभर झाला होता. कुडाने झाडे वाढेपर्यंत आडोसा धरला आणि पुढे झाडांनी धरला.

आता खत. पुष्कळ पुस्तकांत खड्डा करा, असे सांगितलेले असते. देशावर ते ठीक. आपल्याकडे जून-जुलैत खड्डा विहिरीसारखा भरतो, आत हवा राहत नाही, आणि मग ती काळी, आंबलेली घाण होते. म्हणून आपल्याकडे जमिनीच्या वर ढीगच करावा. आम्ही सहा इंच उंच ओटा केला आणि त्यावर जुन्या विटांचे, फटी ठेवून, तीन कप्पे रचले. प्रत्येक कप्पा ४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ३ फूट उंच. यापेक्षा फार लहान ढीग नीट तापत नाही, आणि तापल्याशिवाय रोगजंतू व तणाचे बी मरत नाही. एका कप्प्यात रोज भरायचे, दुसरा भरून झालेला कुजत असतो, आणि तिसऱ्यात फक्त सुका पाचोळा साठवायचा. वर जुना पत्रा तिरपा टाकायचा.

हा तिसरा कप्पा सर्वांत महत्त्वाचा. बहुतेकींचे खत बिघडते, ते सुके साहित्य हाताशी नसते म्हणून. एक पाटी ओले, म्हणजे भाजीची देठे, फळांच्या साली, खरकटे, शेण. त्यावर दोन पाट्या सुके, म्हणजे पाचोळा, वाळके गवत, थोडे भाताचे तूस. वर ओंजळभर जुने खत किंवा माती. शेती शिकलेले लोक म्हणतात, की कर्ब ३० भाग आणि नत्र १ भाग असावे. आपल्या पाटीच्या हिशेबात ते साधारण असे बसते. सागाची पाने जाड, ती लवकर कुजत नाहीत. कोयत्याने तोडून किंवा पायाखाली चुरून टाकावीत. ऐन, पळस यांचा पाला चालतो. आपल्याकडे पालापाचोळा राब भाजायला लागतो, म्हणून पुरुषमंडळी कुरकुर करतील. त्यांना सांगावे, की जाळलेल्या पाल्याची राख पहिल्या पावसात वाहून जाते, कुजलेला पाला जमिनीत राहतो.

ओलावा कसा पाहायचा? मूठभर घेऊन पिळावे. बोटांतून एक-दोन थेंब आले, तर बरोबर. धार लागली, तर सुके घाला. काहीच आले नाही, तर मोरीचे पाणी शिंपडा. भरल्यावर तीन-चार दिवसांत ढिगात हात घालवत नाही इतका तो तापतो. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीनदा फावड्याने खालचे वर करावे. वास आला, तर समजावे, की हवा कमी पडली किंवा ओले जास्त झाले. साडेतीन-चार महिन्यांनी खत काळेभोर, भुसभुशीत होते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. तो वास आला नाही, तर खत झालेले नाही.

हे काही मी शोधून काढलेले नाही. इंदूरला आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्याच शेतकऱ्यांच्या रीती पाहून कंपोस्टची पद्धत बसवली. त्यावरचे १९३१ सालचे पुस्तक त्याने एकट्याने लिहिले नाही. यशवंत वाड हे त्याचे सहलेखक होते. पुढे पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांत भोके ठेवून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे टाके केले, तेच आज 'नाडेप' म्हणून ओळखतात. थोडे शेण, पुष्कळ पालापाचोळा आणि माती यांतून त्यात तीन-चार महिन्यांत खत होते. आमचे कप्पे म्हणजे त्या टाक्याची धाकटी बहीण. आणि कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी माणसाच्या मैल्याचेही सोनखत व्हावे आणि ते डोक्यावरून वाहून नेण्याची पाळी कोणा माणसावर येऊ नये, म्हणून आयुष्य वेचले. एवढ्या मोठ्या माणसांनी ज्यात हात घातला, त्या कामाची आपल्याला लाज का वाटावी?

खतात काय टाकू नये, तेही सांगते. मटणाची हाडे, मासळी टाकू नये. कुत्री येतात, आणि आपल्या भागात कुत्र्यांच्या मागे बिबट्याही येतो. तेल, औषधे, काच, विजेरीचे सेल टाकू नयेत. प्लास्टिकसाठी आम्ही आडोशात एक पोते टांगले आहे. पिशवी धुऊन, वाळवून त्यात टाकायची आणि भरले, की भंगारवाल्याला द्यायचे. दुपट्यातल्या मुलाची घाण संडासातच टाकायची, उकिरड्यावर नाही; हे मी वेगळ्या आवाजात सांगते आहे, ते तुमच्या लक्षात आले असेल. घरात दोन खड्ड्यांचा संडास असेल, तर एक भरल्यावर तो बंद करून निदान दोन वर्षे तसाच ठेवावा, तोवर उघडू नये. आणि पाळीच्या वेळचे पॅड. आपण बायकाच आहोत, म्हणून उघड बोलते. ते खतात टाकायचे नाहीत, चुलीत जाळायचे नाहीत, संडासातही टाकायचे नाहीत. आमच्या घरी आता मुली धुऊन वापरायच्या सुती घड्या वापरतात, आणि त्या आडोशात, भर उन्हात वाळतात. पूर्वी आम्ही त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली लपवून ओलसर ठेवायचो. ऊन लागण्यासाठी तेवढा आडोसा हवा होता, एवढीच गोष्ट.

मोरीच्या पाण्याविषयी दोन शब्द. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, भातसाचेही जाते. धरणे आपल्या तालुक्यात, आणि वैशाखात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बायकाही आपल्याच तालुक्यातल्या. अशा ठिकाणी धुण्याचे पाणी गटारात सोडणे परवडत नाही. आमच्या मोरीचे पाणी आधी तळाला भोके पाडलेल्या, काथ्या भरलेल्या मडक्यातून जाते. तेथे केर अडकतो. तेथून ते केळी आणि अळू यांच्या आळ्यात जाते. उरलेले ३ फूट लांब, रुंद आणि खोल अशा दगडगोट्यांच्या शोषखड्ड्यात मुरते. डबके नाही, त्यामुळे डासही कमी. या वर्षी वैशाखात घरात दुसरी भाजी नव्हती, तेव्हा अळूने दिवस काढले.

आता शेवट सांगते. जुना उकिरडा उपसला, त्याला दोघी जावांना आणि दोघा भावांना सहा दिवस लागले. विहिरीचा गाळ वैशाखात काढला, काठाला कठडा बांधला आणि ग्रामपंचायतीकडून ब्लीचिंग पावडर आणून टाकली. पुढच्या पावसाळ्यात मी पाणी उकळून पीतच होते. अजूनही पावसाळ्यात उकळूनच पितो. पण जाऊबाईंचा हंडा शेतापलीकडेच जात होता. मी काही बोलले नाही. बोलायला मला तोंड नव्हते.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पहिला कप्पा उघडला. खत पाटीत घेतले आणि पहिली पाटी त्यांच्या वालाच्या आळ्यात टाकली. त्यांनी मूठभर उचलून नाकाशी नेले आणि म्हणाल्या, "खरंच, याला मातीचा वास आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत उभी होते. हंडा खिडकीवरून गेला नाही. विहिरीवर रहाटाचा आवाज आला. मी बाहेर गेले नाही. भाकऱ्या थापीत राहिले, पण त्या दिवशी एकही भाकरी गोल झाली नाही.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनीही फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. तोवर थांबण्याची गरज नाही, चार महिने पुरतात. दिवाळीत आपण उकिरड्यावरही पणती ठेवतो. आमच्या दारी ती आता आडोशाच्या वळणावर असते आणि सासूबाई असेपर्यंत त्याच ती लावीत.

माझी तुम्हांला विनंती एवढीच आहे. आज घरी गेलात, की चहा ठेवण्याआधी विहिरीपासून उकिरड्यापर्यंतची पावले मोजा. वीसच्या आत भरली, तर दोरी घेऊन बाहेर या आणि दुसरे टोक धरायला शेजारणीला हाक मारा. ती रागावलेली असली, तरी हाक मारा.